न्हावा-शेव्याचे ट्रेलर: टायरातली हवा आणि लपलेले वजन

उरणहून पळस्पे फाट्याकडे जाणाऱ्या बंदराच्या रस्त्याच्या कडेला फाटलेल्या टायरांच्या काळ्या पट्ट्या वर्षानुवर्षे पडलेल्या दिसतात. त्यांचे कारण सांगताना बहुतेक बोटे चालकाकडे वळतात: त्याने हवा तपासली नाही, गुळगुळीत झालेला टायर बदलला नाही, वेग आवरला नाही. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले. पण १९८९ पासूनचा या रस्त्याचा इतिहास क्रमाने मांडला, तर दोषाची जागा बदलते. टायरात किती हवा हवी हे त्याच्यावर येणाऱ्या वजनावरून ठरते. न्हावा-शेव्याच्या पहिल्या पाव शतकात मात्र ते वजन हवा भरणाऱ्याला, गाडी चालवणाऱ्याला आणि पुष्कळदा गाडीच्या मालकालाही खात्रीने कळेल अशी व्यवस्थाच नव्हती. टायर झिजले आणि फुटले त्याच्या मुळाशी हे अज्ञान आहे, आणि ते चालकावर लादलेले होते, असे माझे म्हणणे आहे.

या किनाऱ्याला अवजड माल नवा नाही. उरणच्या मिठागरांतले मीठ, पेण-अलिबागकडचे भात, जळाऊ लाकूड हे सारे पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेले ते पाण्यावरून. धरमतरच्या खाडीतून, रेवस, करंजा आणि मोरा या बंदरांतून पडाव, मचवे आणि गलबते भरती-ओहोटी साधून निघत. बैलगाडीचे काम बंदरापर्यंत माल आणून टाकण्यापुरते. या जुन्या व्यवहारात फसवणूक नव्हती असे कोणी म्हणणार नाही, पण एक गोष्ट तिथे लपवता येत नसे, ती म्हणजे वजन. माल चढला की गलबत पाण्यात तेवढे खाली बसते, आणि किती बसले हे तांडेलाला, हमालाला, व्यापाऱ्याला आणि काठावर उभ्या असलेल्या कोणालाही दिसते. ब्रिटनमध्ये सॅम्युएल प्लिमसॉल यांच्या चळवळीनंतर १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या बाजूवर भाररेषा रंगवणे सक्तीचे झाले, त्यामागचा विचारही हाच होता. जादा माल लादण्याचा नफा मालकाचा आणि बुडण्याचा धोका खलाशाचा. म्हणून ओझे किती हे सर्वांच्या डोळ्यांसमोर असले पाहिजे. चाकावरच्या गाडीला अशी रेषा कोणी रंगवलेली नाही. त्या जागी तिच्याकडे एकच खूण असते: ओझ्याखाली टायरची भिंत किती दबते. ही खूण कशी वाचायची, आणि ती वाचणे केव्हा अशक्य झाले, हा या इतिहासाचा गाभा आहे.

न्हावा-शेव्याचे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. मुंबई बंदराचा भार हलका करण्यासाठी उरणच्या दलदलीत आणि मिठागरांत ते उभे राहिले. त्याआधी या भागाने मोठी किंमत मोजली होती. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनावर १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. तो लढा जमिनीच्या मोबदल्याचा होता. तरी त्याचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे, कारण शेती आणि मिठागरे गेलेल्या कुटुंबांपैकी काही जण पुढे बंदराच्या वाहतुकीत उतरले. कोणी जुना ट्रेलर घेतला, कोणी मोकळ्या जागेत पार्किंग किंवा गॅरेज सुरू केले. रस्त्याकडेला पंक्चरची दुकाने थाटली ती पुष्कळशी केरळातून आणि उत्तर भारतातून आलेल्या माणसांनी. एक-दोन गाड्यांचा मालक, पगारापेक्षा भत्त्यावर जगणारा चालक आणि कॉम्प्रेसर घेऊन बसलेला पंक्चरवाला, अशा लहान माणसांच्या खांद्यावर देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक चालू लागले. १९९९ मध्ये इथे देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल आले, २००६ मध्ये आणखी एक, २०१८ मध्ये सिंगापूरच्या कंपनीचे. २०२२-२३ साली वीस फुटी पेट्यांच्या हिशोबाने वर्षाची उलाढाल साठ लाखांवर गेली. रेल्वेने जाणारा वाटा कायम लहानच राहिला; बाकीचा माल बंदर आणि आसपासची तीसहून अधिक सीएफएस (कंटेनर फ्रेट स्टेशन) गोदामे यांच्यामध्ये ट्रेलरवरून फिरत राहिला.

ट्रेलर म्हणजे लांब ट्रक नव्हे, हे टायरच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. पुढे ओढणारा घोडा, मागे जोडलेला सांगाडा, आणि त्या सांगाड्याखाली एकमेकांजवळ बसवलेले दोन किंवा तीन अॅक्सल. ही मागची चाके वळत नाहीत. गोदामाच्या फाटकात गाडी काटकोनात घुसते तेव्हा मागचे अॅक्सल रस्त्यावरून आडवे घासले जातात आणि रबर खरवडले जाते. महामार्गावर शेकडो मैल सरळ धावणाऱ्या ट्रेलरला हा त्रास कमी. न्हावा-शेव्याच्या ट्रेलरचे आयुष्य मात्र फाटके, वळणे आणि रांगा यांतच जाते. त्यात प्रत्येक अॅक्सलच्या दोन्ही टोकांना जोडी टायर. बाहेरचा डोळ्यांना दिसतो, आतला दिसत नाही. आतल्यातली हवा उतरली की त्याचे ओझे शेजाऱ्यावर जाते, आणि शेजारी तापतो. शिवाय नवा टायर घोड्याच्या पुढच्या चाकांना, तिथून उतरलेला घोड्याच्या मागच्या चाकांना आणि रबर चढवून घेतलेला ट्रेलरला, असा या धंद्याचा रिवाज. हा रिवाज मूर्खपणाचा नाही. पुढचा टायर फुटला तर गाडीवरचा ताबा जातो, म्हणून उत्तम टायर पुढे हवाच. पण त्याचा परिणाम असा की सर्वाधिक खरवडला जाणारा टायर हाच सर्वांत जुना असतो, आणि त्याच्यातली हवा सर्वांत कमी वेळा पाहिली जाते.

हवेचे शास्त्र फार अवघड नाही. ओझे रबर उचलत नाही, आत दाबून भरलेली हवा उचलते. या धंद्यात दीर्घकाळ चाललेला १०.००-२० मापाचा, १६ प्लायचा टायर घेतला, तर जोडीत बसवलेल्या एका टायरची मर्यादा २७२५ किलो आहे, आणि तीही थंड टायरात दर चौरस इंचाला जवळपास १२० पौंड हवा असेल तेव्हाच. हवा कमी असली तर टायर पसरतो, नक्षीच्या दोन्ही कडा जमिनीवर जोराने घासतात, भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि त्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते. हवा जास्त असली तर टायर मधोमध फुगतो आणि मधली नक्षी आधी जाते. रिकामा सांगाडा कडक टायरांवर उडत धावला तर नक्षीवर तुकड्यातुकड्यांचे खळगे पडतात. अॅक्सल तिरका झाला असेल तर एकच कड झिजते. खड्ड्याचा मार वेगळा ओळखता येतो: त्यात भिंतीला चीर जाते किंवा आतले धागे तुटून फुगवटा येतो, नक्षी मात्र एकसारखी राहू शकते. म्हणजे उतरवलेला टायर हा स्वतःच एक दस्तऐवज आहे. त्या गाडीने किती ओझे, किती हवेवर, कोणत्या रस्त्याने नेले हे त्यावर उमटलेले असते, आणि अनुभवी पंक्चरवाला ते एका नजरेत वाचतो. त्याने ते आधी वाचावे अशी सोय मात्र नव्हती.

पहिल्या दीड दशकाचा हिशोब ओव्हरलोडचा आहे. मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ रोजी अमलात आला, म्हणजे बंदर सुरू झाल्यानंतर सव्वा महिन्यात. वजनाच्या मर्यादेचे कलम, गाडी काट्यावर नेण्याचे कलम आणि दंडाचे कलम, सारे त्यात होते. तरी काही राज्यांनी टोकन आणि ‘गोल्ड कार्ड’ देऊन ठरावीक रकमेच्या बदल्यात जादा भाराला वाट करून दिली. सर्वोच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २००५ रोजी परमजित भसीन खटल्यात ही पद्धत बेकायदा ठरवली. तोवर काय चालत होते, हे साध्या भागाकाराने कळते. टायरांच्या चार जोड्या असलेल्या दुहेरी अॅक्सलची कायदेशीर मर्यादा तेव्हा १९ टन होती, म्हणजे दर टायरमागे २३७५ किलो. त्यावर २६ टन आले तर दर टायरमागे ३२५० किलो होतात. १६ प्लायच्या टायरात एवढे ओझे पेलेल इतकी हवा भरण्याची सोयच नाही. तो टायर कितीही काळजी घेतली तरी कमी हवेवरच चालत असतो. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात इलिनॉयमधील ओटावाजवळ झालेल्या रस्ता-चाचणीतून निघालेल्या ठोकताळ्याने पाहिले, तर रस्त्याचे नुकसान अॅक्सलच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. १९ टनांच्या जागी २६ म्हणजे नुकसान साडेतीन पट. दलदलीत भर घालून बांधलेल्या रस्त्यावर हे ओझे गेले, रस्ता दबला, आणि दबलेल्या रस्त्याने पुन्हा टायर खाल्ले.

टायरची जातही या वजनानेच ठरवली. मिशेलिन कंपनीने रेडियल टायर १९४० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणला. भारतात ट्रकसाठी पोलादी तारांचे रेडियल बनू लागले ते १९९९ च्या सुमारास, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे मालवाहू गाड्यांवर नायलॉनचा आडव्या-तिडव्या थरांचा जुना टायरच राहिला. मालक जुन्या वळणाचे होते, रेडियलची किंमत जास्त होती, ही कारणे खरी आहेत. पण खोलवरचे कारण असे की जाड भिंतीचा नायलॉन टायर जादा भार काही काळ निमूट सोसतो आणि त्यावर पुन्हा पुन्हा रबर चढवता येते. रेडियलची पातळ भिंत ते सोसत नाही. पुढे रेडियल आले तेव्हा आणखी एक घोटाळा झाला. नायलॉन टायरची भिंत दबलेली दिसली की हवा कमी, ही चालकांची पक्की नजर होती. टॉमी (लोखंडी दांडा) मारून येणाऱ्या आवाजावरूनही ते अंदाज बांधत. रेडियलची भिंत मात्र योग्य हवेतही बाहेर फुगलेली दिसते. ज्या खुणेवर दोन पिढ्या विसंबल्या तिचा अर्थच बदलला, आणि मापकाशिवाय बरोबर हवा सांगणे अशक्य झाले.

तरी २००५ नंतरही वजनाचे कोडे सुटले नाही, कारण कंटेनर म्हणजे सील ठोकलेली पेटी. ट्रकवर पोती लादताना हमाल ती मोजतो, चालक पाहतो. कंटेनर चालकाच्या हाती येतो तो बंद होऊन. आत काय आहे आणि किती आहे हे त्याला कागदावरून कळायचे, आणि कागदावरचा आकडा माल पाठवणाऱ्याने लिहिलेला. वीस फुटी पेटीची एकूण मर्यादा पूर्वी २४ टन होती, नंतर ती ३०.४८ टन झाली. म्हणजे बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्यांत एकीत हलके कपडे आणि दुसरीत लाद्या किंवा भंगार धातू असू शकतो, आणि फरक वीस-वीस टनांचा पडतो. कागदावरचा आकडा किती विश्वासाचा, याचा पुरावा समुद्राने दिला. जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश खाडीत एमएससी नेपोली या जहाजाला तडा गेला. ते किनाऱ्याला लावल्यावर डेकवरचे सुमारे ६६० कोरडे राहिलेले कंटेनर वजन करून पाहिले गेले. त्यांतल्या १३७ कंटेनरांच्या जाहीर आणि प्रत्यक्ष वजनात तीन टनांहून जास्त फरक निघाला. सर्वांत मोठी तफावत २० टनांची होती. पाचांतला एक कागद खोटा. जगातल्या सर्वांत काटेकोर समजल्या जाणाऱ्या जहाज-वाहतुकीची ही स्थिती असेल, तर उरणच्या पार्किंगमध्ये पहाटे हवा भरून घेणाऱ्या चालकाने कोणत्या आकड्यावर भरवसा ठेवायचा होता? नेपोलीसारख्या दुर्घटनांतून झालेल्या चर्चेनंतर सागरी सुरक्षेच्या सोलास या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती झाली आणि १ जुलै २०१६ पासून भरलेल्या निर्यात कंटेनरचे पडताळलेले वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढवण्यास मनाई झाली. प्लिमसॉलच्या रेषेनंतर १४० वर्षांनी पेटीचे वजन उघड झाले.

यावर एक आक्षेप बिनतोड वाटतो. वजन ठाऊक नसले तर टायरवर लिहिलेली कमाल हवा भरावी आणि निर्धास्त राहावे. त्याला वजनाचा कागद कशाला? पुष्कळ जाणते मालक हेच करत आले, आणि कमी हवेपेक्षा हा मार्ग नक्कीच बरा, हे मी मान्य करतो. पण त्याने प्रश्न संपत नाही. ओव्हरलोड असताना कमाल हवाही अपुरी पडते, हे वर पाहिलेच. आणि कंटेनरची वाहतूक बऱ्याच वेळा एका बाजूने भरलेली, दुसऱ्या बाजूने रिकामी असते. रिकामी पेटी किंवा नुसता सांगाडा घेऊन कमाल हवेवर धावणारा टायर मधोमध झिजतो, उडतो, नक्षीत खळगे पाडून घेतो. दर फेरीला हवा कमी-जास्त करणे कोणालाच शक्य नाही, म्हणून मधला आकडा निवडावा लागतो. आणि तो नीट निवडायचा तर आपल्या फेऱ्यांत सरासरी ओझे किती असते हे माहीत हवे.

दुसरा आक्षेप वजनकाट्याचा. काटे तर होतेच, मग अज्ञान कसले? रस्त्यावरचा काटा बहुधा पूर्ण गाडीचे वजन सांगतो. पेटीत माल मागच्या बाजूला रचला असेल, तर एकूण वजन कायद्यात बसूनही मागच्या अॅक्सलवर भार मर्यादेबाहेर जातो, आणि टायरला कळतो तो अॅक्सलचा भार. शिवाय काटा येतो तोवर गाडी भरलेली असते, टायर तापलेले असतात. तापलेल्या टायरातला दाब थंड टायरापेक्षा वाढलेलाच असतो. तो पाहून हवा काढणे ही मोठी चूक, आणि उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी हा समज आजही घट्ट आहे. इथे चालकांचे आणि पंक्चरवाल्यांचे अज्ञान खरोखर आहे, ते झाकण्याचे कारण नाही. हवा कमी केली की टायर अधिक वाकतो आणि अधिक तापतो. ज्या भीतीने हवा काढली तीच खरी होते. पण हा समज कोणी दूर केला? वजनाच्या खोट्या कागदांवर ज्यांनी नफा मिळवला, त्यांनी हवेचे साधे कोष्टक पार्किंगमध्ये लावल्याचे दिसत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत कडक आहे: ओव्हरलोडमध्ये मालक आणि चालक स्वतः सामील होते. काही जण होते, हे खरे. पण एका गाडीच्या मालकाने भाडे नाकारले तर रांगेतला पुढचा ते घेतो, आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता थांबत नाही. माल पाठवणाऱ्याची पसंती-नापसंती आणि अशा मालकाची पसंती-नापसंती यांना एकाच तागडीत तोलणे न्यायाचे नाही. दंडाचे कलम आज चांगलेच कडक आहे, २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराला २०,००० रुपये आणि वर दर टनाला २,००० रुपये. रस्त्यावर अडवला जातो तो मात्र चालक.

आता उरलेली गोष्ट आजची. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने अॅक्सलच्या मर्यादा वाढवल्या: चार टायरांच्या एकेरी अॅक्सलला १०.२ वरून ११.५ टन, दुहेरीला १९ वरून २१ टन. एकेरी अॅक्सलचा भागाकार करून पाहा. ११.५ टन म्हणजे दर टायरमागे २८७५ किलो, आणि १६ प्लायच्या जुन्या टायरची जोडीतली मर्यादा २७२५. कायद्याने जे ओझे मान्य केले ते त्या टायराला मान्य नाही. वरच्या दर्जाचा टायर घातल्याशिवाय कायदेशीर भारही धोक्याचा. टायराची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो चालवू नये, हा नियम आहे आणि तो पाळला गेलाच पाहिजे. पण गुळगुळीत टायर हा शेवट आहे. त्याची सुरुवात पेटी भरली जाते तिथे होते.

२०१६ चा नियम जहाजाच्या सुरक्षेसाठी आहे, रस्त्याच्या नाही. बंदर, टर्मिनल आणि गोदामे चालवणाऱ्यांकडे म्हणून मागणे साधे आहे. पेटीचे पडताळलेले वजन, निर्यातीचे असो वा आयातीचे, फाटकावरच्या पावतीवर ठळक छापून चालकाच्या हाती द्यावे. फाटकावर पूर्ण गाडीबरोबर प्रत्येक अॅक्सलचे वजन घ्यावे. आणि जिथे ट्रेलर रात्री उभे राहतात तिथे मराठी आणि हिंदीत टायरचे माप, अॅक्सलचा भार आणि थंड टायरातली हवा यांचे कोष्टक व तपासलेला दाबमापक ठेवावा. उरणच्या रस्त्यावर पुढचा टायर फुटेल तेव्हा चालकाला जाब विचारण्याआधी ही तीन कामे झाली होती का, हे विचारा.